एका तारखेवरचे १६८ संगणक : ‘अ‍ॅप्टली’ अडीच वर्षे वापरल्यानंतर

परभणीत मुख्य संकुल आणि सेलू, जिंतूर व गंगाखेड येथे शाखा असलेल्या एका शिक्षण संस्थेचे संगणक सांभाळणे हे माझे काम आहे. परभणीत ९४, सेलूला ३२, जिंतूरला २४ आणि गंगाखेडला १८ असे एकूण १६८ संगणक असून त्या सर्वांवर डेबियन लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली आहे; सांभाळणारे मात्र मी आणि माझा एक सहकारी असे दोघेच आहोत. या संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर असावे, त्याची आवृत्ती कोणती असावी आणि कोणत्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्या त्यात आलेल्या असाव्यात, हे आम्ही जुलै २०२३ पासून ‘अ‍ॅप्टली’ या साधनाच्या आधारे ठरवतो. एवढ्या काळात या साधनाचे गुण आणि खोडी दोन्ही पुरेशा कळल्या आहेत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

लिनक्सवर सॉफ्टवेअर मूळ संहितेपासून स्वतः कंपाइल करून, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणून, घेता येते. पण ज्वारी घरच्या जात्यावर दळण्याची हौस रोज परवडत नाही, त्याप्रमाणे बहुतेक जण गिरणीतून दळून आलेले पीठच वापरतात. डेबियनमध्ये हे तयार पीठ ‘डेब’ पॅकेजच्या रूपाने मिळते. एका डेब फाइलमध्ये कंपाइल झालेल्या फाइलींचा एक गठ्ठा असतो आणि पॅकेजची माहिती, त्याला लागणारी इतर पॅकेजे व बसवताना चालवायच्या आज्ञा यांचा दुसरा गठ्ठा असतो. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये अशी ६४,४१९ पॅकेजे होती. एका संगणकावर ती बसवणे आणि अद्ययावत ठेवणे ‘अ‍ॅप्ट’ या डेबियनच्याच साधनामुळे इतके सोपे आहे की त्याबद्दल वेगळे लिहावे असे काही उरत नाही. अडचण सुरू होते ती संगणकांची संख्या वाढल्यावर, कारण प्रत्येक संगणक आपापल्या वेळेला, आपापल्या मर्जीने, आपापल्या इंटरनेटच्या लाइनवरून अद्ययावत होऊ लागतो आणि महिन्याभरात कोणतेही दोन संगणक सारखे उरत नाहीत.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. डेबियनमध्ये स्वयंचलित अपडेटसाठी एक टायमर असतो. तो सकाळी ६ वाजता आणि त्यानंतरच्या तासाभरात केव्हातरी काम सुरू करतो, आणि त्या वेळी संगणक बंद असेल तर चुकलेले काम पुढच्या वेळी सुरू होताच हाती घेतो. घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. प्रयोगशाळेतले संगणक मात्र सकाळी ६ वाजता कधीच चालू नसतात. ते १० वाजता, पहिल्या प्रॅक्टिकलला, सगळे एकदम चालू होतात, आणि मग तीस-चाळीस संगणक तेच पॅकेज त्याच बारीक लाइनवरून एकाच वेळी ओढू लागतात. तेवढ्यात एखाद्या शिक्षकाने काही बसवायला घेतले की पॅकेजांच्या नोंदवहीला कुलूप असल्याचा संदेश येतो. जिंतूरच्या प्रयोगशाळा सहायकाचा फोन ठरलेला असायचा : “सर, चार मशिनी अपडेटच घेइनात, नुसतं लॉक हाय म्हणायल्यात.” त्यात अपडेट अर्धे झालेले असताना वीज गेली, आणि मे महिन्यात ती जातेच, तर पॅकेज अर्धवट उलगडलेल्या अवस्थेत राहते आणि प्रत्येक संगणकावर बसून ‘डीपीकेजी’ या पॅकेज उलगडणाऱ्या साधनाला राहिलेली जुळणी पूर्ण करायला सांगावे लागते. अशी मोहीम मी एका उन्हाळ्यात तीनदा काढली आहे.

पहिला उपाय म्हणून आम्ही ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ वापरून पाहिले, आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एका जुन्या संगणकावर ते बसवले, ३१४२ क्रमांकाचे पोर्ट उघडले आणि बाकीच्या संगणकांना ते प्रॉक्सी, म्हणजे मधला साठेदार, म्हणून दिले की एकदा उतरवलेले पॅकेज दुसऱ्यांदा बाहेरून आणावे लागत नाही. दहा मिनिटांचे काम आहे. ज्यांचे दुखणे केवळ इंटरनेटच्या लाइनचे आहे त्यांनी येथेच थांबावे, पुढे वाचण्याचे कारण नाही. पण कॅशर फक्त जे मागितले ते साठवतो. कोणत्या संगणकाने काय मागावे आणि कधी मागावे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आमचे संगणक पूर्वीइतकेच वेगवेगळे राहिले, फक्त ते अधिक वेगाने वेगवेगळे होऊ लागले.

अ‍ॅप्टलीचे काम निराळ्या पातळीवर चालते. ते गो भाषेत लिहिलेले आज्ञा-ओळीवरचे साधन आहे, एमआयटी परवान्याखाली मोफत मिळते आणि खुद्द डेबियनच्या भांडारातही उपलब्ध आहे. त्याचा सगळा संसार चार शब्दांत मावतो : मिरर, रेपो, स्नॅपशॉट आणि पब्लिश. मिरर म्हणजे डेबियनच्या भांडाराची आपल्या डिस्कवरची प्रत. रेपो म्हणजे आपण स्वतः केलेल्या पॅकेजांचे भांडार. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी मिररमध्ये किंवा रेपोमध्ये असलेल्या पॅकेजांची गोठवलेली यादी, जी नंतर बदलता येत नाही. पब्लिश म्हणजे त्यांपैकी एक यादी आपल्या किल्लीने डिजिटल सही करून संगणकांना खुली करणे. यातला स्नॅपशॉट हा खरा जीव आहे. तो केवळ यादी असल्यामुळे डिस्कवर जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पॅकेजाची फाइल एकदाच साठवली जाते आणि वीस स्नॅपशॉटांत तिचा उल्लेख असला तरी ती एकच राहते.

परभणीच्या माणसाला हे कालव्याच्या भाषेत लवकर समजते. जायकवाडीत पाणी असते म्हणून डाव्या कालव्याला रोज पाणी नसते. आवर्तन ठरते, सुटते आणि मगच ते शेतापर्यंत येते. मिरर हे धरण आहे, त्यात रोज आवक होत राहते. स्नॅपशॉट घेणे म्हणजे आवर्तन ठरवणे आणि पब्लिश करणे म्हणजे ते सोडणे. पूर्वी आमचा प्रत्येक संगणक थेट धरणावर मोटार टाकून बसला होता. आता संगणकांना धरण दिसतच नाही. त्यांना फक्त आम्ही सोडलेले आवर्तन दिसते, आणि म्हणून १६८ संगणक एकाच तारखेवर राहू शकतात. अ‍ॅप्टलीने मला नक्की काय दिले असे कोणी विचारले तर मी बचत झालेल्या डेटाचे आकडे सांगणार नाही. आमचे संगणक आज कोणत्या तारखेवर आहेत या प्रश्नाला माझ्याकडे एक आणि एकच उत्तर असते, ही मिळकत मला मोठी वाटते.

आमचा नेम असा आहे. दर सोमवारी मिरर ताजा करायचा, तारखेच्या नावाने स्नॅपशॉट घ्यायचा आणि तो परभणीतल्या १२ संगणकांच्या एका लहान प्रयोगशाळेला द्यायचा. तेथे आठवडाभर कोणाची कुरकुर आली नाही तर पुढच्या सोमवारी तोच स्नॅपशॉट, त्यात काडीचाही फरक न करता, उरलेल्या सगळ्यांना द्यायचा. देण्याची आज्ञा ‘पब्लिश स्विच’ ही आहे. ती जुन्या यादीच्या जागी नवी यादी उभी करते आणि काही मिनिटांत मोकळी होते. दोन स्नॅपशॉटांमधला फरक दाखवणारी आज्ञाही आहे, आणि सोमवारी सकाळी चहा घेताना ती यादी वाचणे ही आता माझी सवय झाली आहे. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले हे ओळीने समोर येते.

आरंभ मात्र इतका सुरळीत झाला नव्हता, आणि त्यातल्या चुका माझ्याच होत्या. डिस्क वाचवण्यासाठी मी मिरर करताना गाळणी लावली : आम्हाला लागणारी पॅकेजे आणि ती ज्यांच्यावर अवलंबून आहेत ती पॅकेजे एवढीच घ्यायची. अ‍ॅप्टलीची गाळणी फार सामर्थ्यवान आहे, पण ती सांगितले तेवढेच ऐकते. एखादे पॅकेज दुसऱ्याची केवळ शिफारस करत असेल तर ते दुसरे पॅकेज गाळणीतून येत नाही. शिफारशींच्या मागेही जा असे वेगळे सांगावे लागते. डेबियनचे संगणक मात्र बसवताना शिफारशीही धरतात. परिणामी मुद्रणाची एक सोय काही संगणकांवर उतरेना, आणि दोन दिवस मी संगणकांवर शोधत बसलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिसऱ्या दिवशी गाळणी काढून टाकली, एएमडी-६४ म्हणजे नेहमीच्या ६४-बिट संगणकांसाठीचा डेबियनचा मुख्य ‘मेन’ विभाग पूर्ण उतरवला आणि १ टीबीची नवी डिस्क घेतली. जे हे साधन नव्याने वापरणार आहेत त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की गाळणीच्या मोहात पडू नये; डिस्क स्वस्त आहे आणि आपले दोन दिवस महाग आहेत.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, कारण ती दिसतच नव्हती. संगणकांवर आपोआप अपडेट करणारे जे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाचे पॅकेज आहे, ते भांडाराच्या माहितीतले ‘ओरिजिन’ आणि ‘लेबल’ हे रकाने पाहून ठरवते की येथून आपोआप घ्यायचे की नाही, आणि त्याच्या मूळ मांडणीत तेथे ‘डेबियन’ असे अपेक्षित असते. अ‍ॅप्टलीने पब्लिश करताना आपण काही सांगितले नाही तर ते या रकान्यांत स्वतःच्या पद्धतीचे नाव घालते. परिणाम असा की संगणक आमच्या भांडाराशी व्यवस्थित बोलत होते, नव्या याद्या उतरवत होते, एकही चूक दाखवत नव्हते आणि एकही पॅकेज बसवत नव्हते. सुमारे तीन आठवडे मी समाधानात होतो की सगळे सुरळीत चालले आहे. पब्लिश करतानाच ओरिजिन आणि लेबल स्पष्ट द्यावे, अन्यथा प्रत्येक संगणकावरच्या त्या पॅकेजच्या मांडणीत आपल्या भांडाराचे नाव घालावे. दोन्हीपैकी एक केलेच पाहिजे. अ‍ॅप्टलीच्या दस्तऐवजांत हे पर्याय नोंदलेले आहेत, पण त्यांचे गांभीर्य वाचणाऱ्याच्या लक्षात येईल अशा रीतीने नाही. या साधनाचे दस्तऐवज एकंदरीत असेच आहेत : प्रत्येक आज्ञा नीट सांगितलेली आहे, पण घर कसे मांडायचे हे सांगितलेले नाही.

आता ज्या दोन प्रसंगांमुळे माझे मत पक्के झाले ते सांगतो. शनिवारी, ९ डिसेंबर २०२३ रोजी डेबियन १२.३ यायचे होते. त्यातल्या ६.१.६४-१ या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ईएक्सटी-४ या फाइल व्यवस्थेतील माहिती खराब होऊ शकेल असा दोष असल्याचे उघड झाले, डेबियनने १२.३ च्या बसवण्याच्या प्रतिमा (इमेज) थांबवल्या आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ जाहीर केले. मधल्या काळात ज्यांचे संगणक आपोआप अद्ययावत झाले, त्यांना तो कर्नल मिळाला असण्याची शक्यता होती. आमचे संगणक ४ डिसेंबरच्या आणि त्याआधीच्या स्नॅपशॉटवर होते. ११ तारखेला मिरर ताजा केला तेव्हा दुरुस्त कर्नल आलेला होता. यात माझी हुशारी शून्य आहे. सोमवारचा नेम होता आणि दोष शनिवारी आला, एवढेच. पण १६८ संगणकांच्या बाबतीत असा आठवड्याचा उंबरठा असणे म्हणजे काय, हे मला त्या रविवारी डेबियनची सूचना वाचताना समजले.

दुसरा प्रसंग नेमका उलट्या दिशेचा आहे आणि म्हणून अधिक महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दूरवरून संगणकात लॉगिन करण्यासाठीच्या ओपनएसएसएच सर्व्हरमधला एक दोष जाहीर केला. लॉगिन न करताच दूरवरून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येईल अशा प्रकारचा तो दोष होता आणि डेबियन १२ त्याच्या टप्प्यात होते. येथे आठवडाभर थांबण्याचा नेम पाळला असता तर तो नेम नव्हे, हट्ट ठरला असता. ‘सगळे गोठवून ठेवा’ असे सांगणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेची खरी परीक्षा अशा दिवशी होते. अ‍ॅप्टलीत ‘स्नॅपशॉट पुल’ नावाची आज्ञा आहे : जुन्या, तपासलेल्या स्नॅपशॉटमध्ये नव्या स्नॅपशॉटमधून फक्त सांगितलेले पॅकेज आणि त्याला लागणारी पॅकेजे ओढून तिसरा स्नॅपशॉट तयार करता येतो. आम्ही सुरक्षा दुरुस्त्यांचा मिरर ताजा केला, त्यातून ओपनएसएसएच सर्व्हर आणि त्याच्या जोडीचा क्लायंट तेवढा उचलला, बाकी सगळे जिथे होते तिथेच ठेवले आणि २ जुलैच्या सकाळी तो पब्लिश केला. परभणी आणि सेलू दुपारपर्यंत झाले. जिंतूरला वीज नव्हती, तेथे ३ तारीख उजाडली. त्या दिवसांत इतर कोणतेही पॅकेज कोणत्याही संगणकावर हलले नाही, त्यामुळे काही बिघडले असते तर संशय कोणावर घ्यायचा हे आधीच ठरलेले होते.

मागे फिरण्याच्या बाबतीत मात्र एक गैरसमज मी स्वतः बाळगला होता. पब्लिश जुन्या स्नॅपशॉटवर परत नेता येते, आणि तेही त्याच एका आज्ञेने. पण संगणकांवर नवी आवृत्ती बसलेली असेल तर भांडार मागे गेल्याने संगणक मागे येत नाहीत. अ‍ॅप्ट आपण होऊन आवृत्ती उतरवत नाही. त्यासाठी संगणकावर त्या पॅकेजला १००० किंवा त्याहून अधिक प्राधान्य देणारी नोंद करावी लागते, आणि एवढे करूनही खालच्या आवृत्तीवर उतरणे सुखरूप होईलच याची हमी डेबियन देत नाही. कालव्याची उपमा येथेही लागू पडते : शेतात गेलेले आवर्तन परत धरणात घेता येत नाही, फक्त पुढचे रोखता येते. म्हणूनच ती १२ संगणकांची प्रयोगशाळा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपण कोणती सेवा करत आहोत याची कल्पना नाही.

शाखांपर्यंत हे सगळे पोहोचवण्याचे काम अ‍ॅप्टली करत नाही, ते आपले आपण करायचे असते. अ‍ॅप्टली पब्लिश केलेले भांडार साध्या फोल्डरच्या रूपात ठेवते, त्यामुळे ते एन्जिनएक्ससारख्या कोणत्याही वेब सर्व्हरवरून देता येते आणि आर-सिंक या प्रती जुळवणाऱ्या साधनाने दुसरीकडे नेताही येते. आम्ही तिन्ही शाखांत प्रत्येकी एक निवृत्त संगणक भांडारासाठी ठेवला आहे. पहिली पूर्ण प्रत लाइनवरून पाठवणे अशक्य होते, म्हणून सेलूची डिस्क रेल्वेने आणि जिंतूरची एसटीने, माझ्या मांडीवर बसून गेली. त्यानंतर रोज रात्री फक्त फरक जातो. येथे एक बारकावा आहे : अ‍ॅप्टली जागा वाचवण्यासाठी एकाच फाइलला अनेक ठिकाणांहून हार्ड लिंक करते, म्हणजे फाइल एकच ठेवून तिला अनेक नावे देते; आर-सिंकला त्या लिंका जपायला सांगितले नाही तर चाचणीचे आणि मुख्य अशी दोन भांडारे शाखेत पोहोचल्यावर दुप्पट जागा खातात. गंगाखेडची डिस्क भरल्यावर हे ध्यानात आले. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे नेहमी शेवटी ऐकले जाते, तसेच हे झाले.

शाखांत हे भांडार साध्या एचटीटीपीवरून दिले जाते, याबद्दल एका शिक्षकांनी काळजी व्यक्त केली होती. अ‍ॅप्टच्या बाबतीत पॅकेज कोणत्या वाटेने आले यापेक्षा यादीवर कोणाची सही आहे याला महत्त्व असते. सही आमच्या किल्लीची नसेल किंवा पॅकेजाचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) यादीशी जुळत नसेल तर संगणक ते स्वीकारत नाही. अर्थात सही फक्त हे सांगते की पीठ आमच्याच गिरणीतून आले. दाणे कसे होते ते सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला मागचा दरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, तेव्हा ती पॅकेजे डेबियनच्या चाचणी शाखेत रीतसर सहीसह पोहोचलेली होती. स्थिर आवृत्तीत ती नव्हती, त्यामुळे आम्ही त्यातून सुटलो याचे श्रेय अ‍ॅप्टलीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सहीच्या किल्लीबाबत माझी तिसरी आणि शेवटची कबुली. किल्ली करताना मी मुदत एक वर्षाची ठेवली आणि विसरलो. जुलै २०२४ मध्ये, ओपनएसएसएचच्या धावपळीनंतर दोन आठवड्यांतच, सर्व संगणकांनी एका सकाळी आमचे भांडार नाकारले. संगणकांचे वागणे शंभर टक्के बरोबर होते. मुदत वाढवून सार्वजनिक किल्ली (सही तपासण्याची) पुन्हा सगळीकडे पोहोचवावी लागली, आणि ती भांडारामार्फत पाठवता येईना, कारण भांडारावरच त्यांचा विश्वास उरला नव्हता. अ‍ॅन्सिबल या अनेक संगणकांना एकदम आज्ञा देणाऱ्या साधनाने एसएसएचवरून ती पाठवली. आता किल्ली आमच्या स्वतःच्या पॅकेजात बसवलेली आहे, मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नवी प्रत त्या पॅकेजातून जाते, आणि खासगी (सही करण्याच्या) किल्लीची एक प्रत कार्यालयाच्या तिजोरीत, प्रवेश नोंदवहीच्या शेजारी आहे.

स्वतःच्या पॅकेजांची सोय हा अ‍ॅप्टलीचा असा भाग आहे ज्याची मी आरंभी अपेक्षाही केली नव्हती. ‘इक्विव्ज’ या साधनाने आम्ही एक रिकामे पॅकेज तयार केले आहे; त्यात स्वतःचे काहीही नाही, फक्त प्रयोगशाळेला लागणाऱ्या सर्व पॅकेजांवर ते अवलंबून आहे. एखाद्या विषयासाठी नवे सॉफ्टवेअर लागले की त्याचे नाव या यादीत घालायचे, आवृत्ती एकने वाढवायची, अ‍ॅप्टलीच्या रेपोमध्ये टाकायचे आणि पुढच्या स्नॅपशॉटमध्ये मिळवायचे. यापूर्वी शिक्षक चिठ्ठी पाठवत आणि आम्ही ती घेऊन संगणकांवरून फिरत असू. आता चिठ्ठी येते, पण फिरणे बंद झाले आहे.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. अ‍ॅप्टलीला स्वतःचा दृश्य पडदा (ग्राफिकल इंटरफेस) नाही. सर्व काम आज्ञांनी किंवा त्याच्या आरईएसटी एपीआयमधून (इतर प्रोग्रामांनी बोलण्याच्या वाटेने) करायचे असते, त्यामुळे आज्ञा-ओळीची सवय नसलेल्या माणसाच्या हाती हे देता येत नाही. त्याची नोंदवही एका वेळी एकाच प्रक्रियेला उघडता येते. एक आज्ञा चालू असताना दुसरी दिली तर ती काही वेळा प्रयत्न करून हात टेकते, म्हणून रात्रीची कामे एकामागून एक अशीच लावावी लागतात. जुने स्नॅपशॉट आपोआप जात नाहीत. ते नावाने काढावे लागतात आणि त्यानंतर साफसफाईची आज्ञा वेगळी द्यावी लागते, नाहीतर कोणाच्याही यादीत नसलेली पॅकेजे डिस्कवर तशीच पडून राहतात. हे साधन फक्त डेब पॅकेजांसाठी आहे. आरपीएम या दुसऱ्या पॅकेज पद्धतीवर चालणाऱ्या संगणकांसाठी पल्प किंवा कॅटेलोसारखी दुसरी व्यवस्था लागेल.

सर्वांत मोठी उणीव मात्र याहून वेगळी आहे, किंवा तिला उणीव म्हणण्यापेक्षा सीमा म्हणणे योग्य होईल. अ‍ॅप्टलीला भांडार माहीत असते, संगणक माहीत नसतात. आपण काय दिले हे ते बिनचूक सांगते. कोणी घेतले हे सांगू शकत नाही. त्यासाठी आम्ही अ‍ॅन्सिबल वापरतो. ते दर शुक्रवारी एसएसएचवरून प्रत्येक संगणकाला त्याची पॅकेज यादी विचारते आणि पब्लिश केलेल्या यादीशी जुळवून पाहते. अ‍ॅन्सिबल मूळ मांडणीत एका वेळी ५ संगणकांशीच बोलते; आम्ही ती संख्या २० केली आहे. तरीही प्रत्येक शुक्रवारी दहा-बारा संगणक बंद सापडतात आणि त्यांची नावे पुढच्या आठवड्याला जातात. गंगाखेडचा एक संगणक या यादीत सलग सात आठवडे होता. शेवटी कळले की त्याचा पंखा बिघडल्यामुळे त्याला कपाटात ठेवून दिले होते आणि ते आम्हाला कळवण्याचे राहून गेले होते.

कोणी घ्यावे? वीसपेक्षा कमी संगणक असतील तर कॅशर आणि स्वयंचलित अपडेट एवढे पुरेसे आहे, अ‍ॅप्टलीचा व्याप करू नये. चाळीस-पन्नासच्या पुढे, आणि विशेषतः शाखा वेगवेगळ्या गावी असतील, लाइन बारीक असेल, विजेचा भरवसा नसेल आणि सांभाळणारे हात दोनच असतील तर याला मोफत पर्यायांत मी दुसरे नाव सुचवणार नाही. आमचा पैशातला खर्च १ टीबीची एक डिस्क, शाखांसाठी तीन डिस्का आणि एक यूपीएस एवढाच झाला. संगणक जुनेच होते. वेळेचा खर्च पहिल्या दोन महिन्यांत भरपूर आणि नंतर आठवड्याला सुमारे दोन तास.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आले आहे. त्याचा मिरर डिस्कवर उतरून तयार आहे, आणि बारा संगणकांच्या त्या प्रयोगशाळेवर ते बसवलेही आहे. या आवृत्तीत अ‍ॅप्ट सही तपासण्याचे काम सेक्वॉया या नव्या साधनाकडून करून घेते आणि जुन्या, कमकुवत सह्यांबाबत ते कडक आहे, त्यामुळे स्थलांतराआधी आम्ही नवी किल्ली केली. उरलेल्या १५६ संगणकांसाठी दोन्ही आवृत्त्यांचे स्नॅपशॉट शेजारी शेजारी ठेवले आहेत. परीक्षा संपल्या की आधी सेलू, मग जिंतूर. गंगाखेडला या खेपेला दुसरा क्रमांक द्यावा, असे तेथील सहायकाने दोनदा सुचवले आहे, आणि डिस्क प्रकरणानंतर त्याला नाही म्हणणे मला जमलेले नाही.